अकरावे काडतूस

रायफल हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा तीन आकृत्या उभ्या राहतात. पहिली सीमेवर पहारा करणाऱ्या जवानाची, दुसरी पोलीस ठाण्याच्या दाराशी उभ्या असलेल्या शिपायाची आणि तिसरी जुन्या संस्थानी वाड्यातील छायाचित्रात मारलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या राहिलेल्या शिकाऱ्याची. ह्या तिन्ही आकृत्या सामान्य गृहस्थाच्या संसारापासून दूरच्या आहेत. आपल्याकडे शस्त्र हे राज्यसत्तेचे, नाही तर राजवैभवाचे चिन्ह होय. घरातील वस्तूंच्या यादीत त्याला स्थान नाही. म्हणूनच जगात अशीही एक रायफल आहे की जी सायकल किंवा शिवणयंत्र विकावे तशी दुकानात विकली गेली, बापाने मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून दिली आणि शेतघराच्या मागील दारी खुंटीला टांगली गेली, हे ऐकून येथील श्रोत्याला नवल वाटावे. ही रायफल म्हणजे अमेरिकेतील पॉइंट टू-टू व्यासाची, अल्पमोली, अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल होय. तिची घडण, तिचे आकर्षण आणि तिच्याबरोबर घरात येणारी जबाबदारी ह्यांचा विचार केला, तर केवळ एका शस्त्राची माहिती मिळते असे नाही. सोय आणि सावधपणा ह्यांचा परस्परसंबंध काय असतो, हेही त्यातून ध्यानात येते.

ह्या रायफलीची कुळकथा तिच्या काडतुसापासून सुरू होते. १८४५ च्या सुमारास पॅरिसमधील फ्लोबेर नावाच्या कारागिराने एक चिमुकले काडतूस तयार केले. आघाताने पेटणारी एक टोपी आणि तिच्या तोंडाशी बसवलेली लहानशी शिशाची गोळी, एवढाच त्याचा सरंजाम होता. दिवाणखान्यात बसून नेमबाजीची करमणूक करावी, ह्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नव्हता. पुढे १८५७ साली अमेरिकेतील स्मिथ आणि वेसन ह्या जोडीने त्याच तत्त्वावर धातूच्या पुंगळीचे, थोडी दारू भरलेले काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी बाजारात आणले. त्यानंतर तीस वर्षांनी, १८८७ साली, स्टीव्हन्स कंपनीने त्याचे जे सुधारलेले रूप काढले, ते ‘लाँग रायफल’ ह्या नावाने आजतागायत चालू आहे. गोळीचा व्यास सुमारे साडेपाच मिलिमीटर, वजन अवघे अडीच ग्रॅमच्या आसपास. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, दोन महायुद्धे होऊन गेली, शस्त्रास्त्रांच्या कित्येक पिढ्या आल्या आणि कालबाह्य झाल्या. पण हे काडतूस आपल्या जागी टिकून राहिले.

ह्या दीर्घायुष्याचे रहस्य त्याच्या रचनेत आहे. सैनिकी रायफलीच्या काडतुसात तळाच्या मध्यभागी आघाताने पेटणारे द्रव्य भरलेली एक वेगळी टोपी बसवलेली असते. रिमफायर काडतुसात अशी टोपी नसते. पातळ पितळेच्या पुंगळीच्या तळाला जी पोकळ कड असते, तिच्यातच ते द्रव्य ओल्या स्थितीत घालून पुंगळी गरगर फिरवतात; फिरण्याच्या वेगाने ते कडेच्या पोकळीत पसरते. रायफलीची टाचणी ह्या कडेवर आपटली की कड चेपते, द्रव्य पेटते आणि त्याच्या ठिणगीने आतील दारू भडकते. टोपी नाही, तिच्यासाठी वेगळी बैठक नाही, म्हणून उत्पादन सोपे आणि किंमत अल्प. तथापि हा अल्पमोलीपणा फुकट मिळत नाही. कड चेपण्याजोगी पातळ ठेवावी लागत असल्याने पुंगळी फार दाब सोसू शकत नाही. त्यामुळे ह्या काडतुसाचे सामर्थ्य कायमचे मर्यादित झाले. एकदा चेपलेली कड पुन्हा उपयोगी पडत नाही, म्हणून रिकाम्या पुंगळ्या भरून पुन्हा वापरण्याची सोयही येथे नाही. शिवाय कडेच्या एखाद्या भागात द्रव्य पोचलेच नाही, तर चाप ओढूनही गोळी सुटत नाही. अशा वेळी अनुभवी नेमबाज रायफल खाली घेत नाही. नळी निर्धोक दिशेला रोखलेली ठेवून तो अर्धा मिनिट थांबतो, कारण क्वचित प्रसंगी ठिणगी रेंगाळून मागाहून पेट घेते.

प्रारंभीच्या रायफली एकेरी होत्या. एक काडतूस हाताने घालावे, झाडावे, रिकामी पुंगळी काढावी आणि दुसरे घालावे. पुढे खटका मागेपुढे सरकवून काडतूस बदलण्याची सोय झाली. हे कामही यंत्रानेच का करू नये, ह्या विचारातून १९०३ साली विंचेस्टर कंपनीने रिमफायर काडतुसाची अर्धस्वयंचलित रायफल विक्रीस आणली. तिच्यासाठी त्या कंपनीने स्वतःचे वेगळे काडतूस काढले होते. त्यानंतर शस्त्ररचनेतील विख्यात कल्पक जॉन ब्राउनिंग ह्याने आखलेली रायफल १९१४ च्या सुमारास बेल्जियममध्ये तयार होऊ लागली.

ह्या यंत्राची युक्ती मोठी साधी आहे. दारू पेटली की तिचा वायू गोळीला पुढे ढकलतो, तसाच पुंगळीला मागेही ढकलतो. पुंगळीच्या मागे बोल्ट नावाचा पोलादी ठोकळा स्प्रिंगच्या आधाराने टेकलेला असतो. मोठ्या रायफलीत हा बोल्ट पक्का अडकवावा लागतो. येथे काडतुसाचा जोर बेताचा असल्याने ठोकळ्याचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच भागते. गोळी हलकी, ठोकळा जड. म्हणून ठोकळा फारसा मागे सरकण्यापूर्वीच गोळीने नळी सोडलेली असते. मागे जाताना तो रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो व हातोडी ताणून ठेवतो. स्प्रिंगच्या रेट्याने परत येताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीच्या तोंडाशी असलेल्या घरात ढकलतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरे होते. मात्र पुढची गोळी आपोआप सुटत नाही. चाप सोडून तो पुन्हा ओढावा लागतो. प्रत्येक ओढीला एकच गोळी, हे अर्धस्वयंचलित शस्त्राचे लक्षण. चाप दाबून धरला की गोळ्यांचा वर्षाव करणारे शस्त्र ते पूर्ण स्वयंचलित; त्याची जात निराळी आणि त्याचा कायदाही निराळा.

ह्या यंत्रावर कितपत विसंबता येते, हे लोकांना पटवण्यासाठी अमेरिकेत जे प्रयोग झाले, ते ऐकण्याजोगे आहेत. १९०७ च्या डिसेंबरात टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे अ‍ॅड टॉपरवाइन नावाच्या नेमबाजाने विंचेस्टरच्या रायफली घेऊन हवेत फेकलेल्या लाकडी ठोकळ्यांवर नेमबाजी केली. दहा दिवसांत त्याने ७२,५०० ठोकळे लक्ष्य केले आणि त्यांपैकी अवघे ९ चुकले. पुढे १९५९ साली टॉम फ्राय ह्याने रेमिंग्टन कंपनीच्या रायफलींनी १,००,०१० ठोकळ्यांवर हा प्रयोग केला. त्याचे केवळ ६ नेम हुकले. फ्रायच्या हातातील त्या रायफलींचा दस्ता लाकडाचा नसून नायलॉनचा होता. रेमिंग्टन कंपनी त्या वेळी ड्युपाँट ह्या रसायननिर्मात्याच्या ताब्यात होती, आणि ज्या नायलॉनने मोज्यांच्या धंद्यात क्रांती केली, त्यालाच रायफलीच्या कारखान्यातही काम मिळाले. लाकूड तासण्याची, घासण्याची मजुरी वाचली. हे प्रयोग अर्थात जाहिरातीचे होते. परंतु त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. स्वस्त रायफल बेभरवशाची असलीच पाहिजे, असे काही नाही.

अल्पमोलीपणाला खरे स्थैर्य आले ते १९६० नंतरच्या दशकात. १९६० साली मार्लिन कंपनीने आपली ‘मॉडेल ६०’ ही रायफल काढली. तिची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या एका बारीक नळीत, एकामागे एक अशी भरत. १९६४ साली कनेक्टिकटमधील स्टर्म-रूगर कंपनीने ‘टेन ट्वेंटी-टू’ ही रायफल बाजारात आणली. विल्यम रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म ह्यांनी १९४९ साली थोड्या भांडवलावर स्थापन केलेला हा कारखाना. नावातील ‘टेन’ म्हणजे मॅगझिनमधील दहा काडतुसे. हे मॅगझिन रहाटाप्रमाणे आतल्या आत फिरणारे असल्याने दस्त्याच्या पोटात पूर्णपणे सामावते, बाहेर त्याचे टोक दिसत नाही. यंत्राची पेटी पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव आणि नळी केवळ दोन स्क्रूंनी आवळलेली. वजन सव्वादोन किलोच्या जवळपास. आरंभीची किंमत साडेचोपन्न डॉलर. आज ती काही शे डॉलरांना मिळते, आणि आजवर अशा लक्षावधी रायफली विकल्या गेल्या आहेत. दोन स्क्रू काढले की नळी सुटते, ह्या एका गोष्टीने तिच्याभोवती एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. कोणी निराळी नळी विकतो, कोणी दस्ता, कोणी चापाची जुळणी. मालक हौसेने एकेक भाग बदलत जातो आणि शेवटी मूळच्या रायफलीतले फारसे काही शिल्लक राहात नाही. काळाची गंमत अशी की २०२० साली, मालक कंपनीचे दिवाळे निघाल्यावर, मार्लिनचा धंदाही लिलावात ह्याच रूगर कंपनीने विकत घेतला.

लोक ही रायफल घेतात ती कशासाठी? पहिले कारण खर्चाचे. मोठ्या रायफलीच्या एका काडतुसाच्या किमतीत हिची कित्येक काडतुसे येतात, आणि नेमबाजी हा सरावाचा विषय असल्यामुळे जो अधिक झाडू शकतो तो अधिक शिकतो. दुसरे कारण धक्क्याचे. मोठी रायफल खांद्याला रट्टा देते. नवशिका त्या रट्ट्याच्या आणि आवाजाच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि नेम बिघडवतो. पॉइंट टू-टूचा धक्का जाणवतो न जाणवतो इतका असतो. त्यामुळे श्वास अर्धा सोडून रोखणे, बोटाच्या पेऱ्याने चाप हळूहळू मागे आणणे, गोळी सुटल्यावरही क्षणभर नेमावरून नजर न हलवणे, हे धडे शांत चित्ताने गिरवता येतात. शेतकऱ्याला ती ससे आणि उंदीरवर्गातील पीकबुडव्या प्राण्यांसाठी लागते; शिकारी खारीसाठी वापरतो; आणि पुष्कळांना नुसते रिकाम्या डब्यावर नेम धरून तो टणकन वाजलेला ऐकण्यात आनंद वाटतो.

मालकीचे काही बारीक तापही आहेत. ह्या काडतुसातील गोळी बहुधा मऊ शिशाची असते आणि तिच्यावर मेणासारखा लेप असतो. त्याचा आणि जळक्या दारूचा मळ यंत्रात साठतो, बोल्ट जड चालू लागतो आणि पुंगळी मध्येच अडकते. म्हणून वेळोवेळी यंत्र उघडून पुसावे लागते. एक रायफल एका कारखान्याच्या काडतुसावर खूश, तर तिची सख्खी बहीण दुसऱ्याच्या. हे झाडून पाहिल्यावाचून कळत नाही. शिसे विषारी असल्याने झाडून झाल्यावर हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नये, बंदिस्त जागेत वारा खेळता असावा, हेही पथ्य आहे. आणि स्वस्ताईचाही भरवसा नाही. २०१३ साली अमेरिकेत लोकांनी साठा करण्यासाठी अशी झुंबड उडवली की हे सर्वांत सामान्य काडतूस दुकानांतून दिसेनासे झाले.

येथवर ही कथा सोयीची झाली. आता तिची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, आणि ती ह्या सोयीतूनच जन्मलेली आहे. एकेरी रायफल झाडली की ती रिकामी होते. पुन्हा भरावी अशी इच्छा माणसाने केल्याशिवाय ती भरत नाही. खटक्याची रायफलही हात हलवल्यावाचून भरत नाही. अर्धस्वयंचलित रायफल मात्र स्वतःच स्वतःला भरते. गोळी सुटली, डबा वाजला, लोक हसले. त्या क्षणी पुढचे काडतूस नळीत जाऊन बसलेले असते आणि हातोडी ताणलेली असते. मालकाच्या मनाने खेळ संपलेला असतो, रायफलीचा संपलेला नसतो.

ह्यात एक गैरसमज फार घातक आहे. मॅगझिन काढून घेतले की रायफल रिकामी झाली, असे नवख्याला वाटते. दहा काडतुसे भरली, त्यांतील एक नळीत गेले, मोकळ्या झालेल्या जागी आणखी एक घातले, म्हणजे रायफलीत अकरा काडतुसे झाली. मॅगझिन काढल्यावर दहा हातात येतात. अकरावे आतच राहते. ते बाहेरून दिसत नाही, त्याचे वजन जाणवत नाही आणि चाप ओढला तर ते सुटते. मॅगझिन नसताना चाप बंद पाडण्याची योजना टेन ट्वेंटी-टूमध्ये नाही. तिच्या मूळ घडणीत आणखी एक गोष्ट आहे: शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे उघडा राहात नाही, तो मिटतो. भरलेली रायफल आणि रिकामी रायफल बाहेरून सारखीच दिसते. म्हणून जाणते प्रशिक्षक क्रम शिकवतात तो असा: प्रथम मॅगझिन काढा, मग बोल्ट मागे ओढून अडकवा, मग काडतुसाच्या घरात डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. नळीखाली काडतुसे भरण्याच्या रायफलीत तर त्या बारीक नळीत एखादे काडतूस अडकून मागे राहण्याचा संभव असतो. तेथे पुन्हा पुन्हा पाहावे लागते. नवशिक्याला प्रारंभी मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून देण्याची पद्धतही ह्याच शहाणपणातून आली आहे. यंत्राने जी घाई शक्य केली, ती शिक्षक मुद्दाम काढून घेतो.

गोळी लहान आहे, ह्याचाही भलता अर्थ घेतला जातो. ती दीड किलोमीटर आणि त्याहूनही अधिक दूर जाऊ शकते. काडतुसांच्या खोक्यांवर एक-दीड मैलाचा इशारा छापण्याची रीत म्हणूनच पडली. डब्यावर झाडलेली गोळी डब्यापाशी थांबत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर किंवा दगडावर तिरपी बसली तर ती उसळून वाटेल त्या दिशेला जाते. १९६८ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिस येथे सिनेटर रॉबर्ट केनेडी ह्यांचा बळी घेणारी गोळी पॉइंट टू-टूचीच होती. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांना लागलेली गोळीही ह्याच मापाची. ती मोटारीच्या पत्र्यावरून उसळून त्यांच्या छातीत शिरली आणि हृदयापासून थोड्या अंतरावर थांबली. ही दोन्ही कृत्ये रिव्हॉल्व्हरची होती, रायफलीची नव्हती. पण गोळीच्या लहानपणावर विसंबणाऱ्याने ती विसरू नयेत. जेफ कूपर ह्या अमेरिकन प्रशिक्षकाने ह्या विद्येचे सार चार नियमांत सांगितले आहे. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे; ज्याचा नाश करावयाचा नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवू नये; नेम लागेपर्यंत बोट चापावर ठेवू नये; आणि लक्ष्य कोणते व त्याच्या पलीकडे काय आहे, हे जाणून घ्यावे. ह्यांत पाचवा नियम घराचा जोडला पाहिजे: रायफल एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी.

एका घराने जो प्रश्न कुलपाने सोडवावयाचा, तोच राष्ट्रांना कायद्याने सोडवावा लागतो. अमेरिकेत १९६८ पर्यंत ह्या जातीच्या पुष्कळ स्वस्त रायफलींवर साधा अनुक्रमांकही नसे. टपालाने मागवावी आणि घरपोच यावी, अशीही सोय होती. त्या वर्षीच्या शस्त्रनियंत्रण कायद्याने प्रत्येक नव्या शस्त्रावर अनुक्रमांक सक्तीचा केला, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ग्राहकाला परस्पर टपालाने शस्त्र पाठवणे बंद केले आणि परवानाधारक दुकानदाराने अठरा वर्षांखालील व्यक्तीला रायफल विकू नये, असे बंधन घातले.

इतर देशांचा अनुभव अधिक उद्बोधक आहे. १९८७ साली इंग्लंडमधील हंगरफर्ड गावी एका माणसाने सोळा जणांचे प्राण घेतले. पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेने अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घातली, परंतु पॉइंट टू-टू रिमफायर रायफल त्या बंदीतून वगळली. १९९६ साली स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे शाळेत मुलांची हत्या झाली. त्यानंतर १९९७ च्या पहिल्या कायद्याने मोठ्या मापाची पिस्तुले गेली आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने पॉइंट टू-टूची पिस्तुलेही गेली. तशीच लांब रायफल मात्र परवान्यावर राहिली. काडतूस एकच, परंतु खिशात लपणारे शस्त्र आणि न लपणारे शस्त्र ह्यांत संसदेने भेद केला. १९९६ सालीच ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे मारली गेली. त्या देशाने रेषा अधिक अलीकडे ओढली. अर्धस्वयंचलित रिमफायर रायफलही सामान्य नागरिकाला बंद झाली. शेतकऱ्यासारख्या ज्याला तिची खरी गरज आहे, त्यालाच अटींवर मुभा उरली, आणि सरकारने मोबदला देऊन लोकांकडून लक्षावधी शस्त्रे परत घेतली. न्यूझीलंडमध्ये २०१९ साली क्राइस्टचर्च येथील मशिदींत एक्कावन्न जणांची हत्या झाल्यावर अर्धस्वयंचलित शस्त्रांवर बंदी आली. तेथे दहापर्यंत काडतुसांच्या मॅगझिनची रिमफायर रायफल सुटली. फिनलंडमध्ये २००७ साली योकेला येथील शाळेत आठ जणांचा बळी गेला तो पॉइंट टू-टूच्याच अर्धस्वयंचलित पिस्तुलाने.

एकाच वस्तूविषयी चार लोकशाही राष्ट्रांनी चार ठिकाणी रेषा ओढली. ह्यातून कायदा लहरी असतो, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. प्रत्येक देशाने आपले दुःख, आपली शेती, आपली शिकारीची परंपरा आणि आपल्या पोलिसांचा आवाका ह्यांचे माप घेऊन निर्णय केला. मात्र ह्या साऱ्या निर्णयांत एक प्रश्न समान आढळतो. यंत्राने माणसाचे काम हलके केले, तर त्या हलक्या झालेल्या कामावर पहारा कोणी करावयाचा? स्वतः मालकाने, त्याच्या क्लबाने, की राज्याने?

भारताने ह्या प्रश्नाचे उत्तर परवान्याने दिले आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ पासून अंमलात आला. आपल्याकडे अग्निशस्त्र बाळगणे हा नागरिकाचा उपजत हक्क नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या किंवा पोलीस आयुक्ताच्या परवान्याने मिळणारी ती एक सवलत आहे. स्वयंचलित शस्त्र निषिद्ध होय, आणि अर्धस्वयंचलित शस्त्रांनाही नियमांनी साध्या खटक्याच्या रायफलीहून अधिक कडक वर्गात घातले आहे. २०१६ च्या नियमांनी अर्जदारास सुरक्षिततेचे प्रशिक्षण आवश्यक केले, तर २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसामान्य परवानाधारकाजवळ तीनऐवजी दोनच शस्त्रे असावीत, असे ठरवले. क्रीडापटूंना त्यातून सवलत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचे कारणही मागे पडले. अल्पमोली घरगुती रायफल आपल्या समाजात रुजली नाही, ती ह्यामुळे.

असे असूनही पॉइंट टू-टू हे नाव महाराष्ट्राला परके नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेत शिकलेल्या हजारो मुलामुलींनी ह्याच मापाची खटक्याची रायफल जमिनीवर पालथे पडून झाडली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्यांनी २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे ह्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरांवर तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. त्यांच्या रायफलीत प्रत्येक काडतूस हाताने घालावे लागते. राही सरनोबत ह्यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते मात्र रिमफायर काडतुसाच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाने. म्हणजे हे यंत्रही आपल्या मातीत उत्तम हाती पडले आहे. फरक इतकाच की ते घराच्या खुंटीवर नसून नेमबाजीच्या मैदानावर, शिस्तीच्या चौकटीत आहे.

त्या शिस्तीचे स्वरूप छात्रसेनेच्या मैदानावर पाहावे. काडतुसे मोजून दिली जातात. झाडून झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या गोळा करून पुन्हा मोजतात. एक जरी कमी भरली, तरी सगळे जण गवतात शोधीत बसतात. अखेरीस प्रत्येकाने बोल्ट उघडून धरावयाचा आणि अधिकाऱ्याने एकेका रायफलीच्या नळीत स्वतः डोकावून पाहावयाचे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हा सोपस्कार कंटाळवाणा वाटतो. परंतु अमेरिकेतील साडेचोपन्न डॉलरांच्या रायफलीबरोबर जी गोष्ट खोक्यात घालून देता आली नाही, ती नेमकी हीच. यंत्र काडतूस बाहेर फेकील, नवे आत घेईल, हातोडीही ताणील. नळी खरोखर रिकामी आहे की नाही, हे पाहण्याचे काम ते करीत नाही. ते माणसालाच करावे लागते, आणि ज्या घरात ते न चुकता केले जाते, त्याच घरात अशी रायफल असण्याला अर्थ आहे.